मेल्विनचा फुकट कोड आणि गोडदेवचा मालक

फुकट दिलेल्या वस्तूवरून जेवढी भांडणं होतात, तेवढी विकलेल्या वस्तूवरून होत नाहीत. केबिन रोडवरच्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात असे किस्से नुसते साठत चाललेत.

आमचा मेल्विन उत्तनचा. जुन्या व्हिडिओ गेम मशीनचे खेळ मोबाईलवर चालवणारं अ‍ॅप त्याने तीन वर्षं खपून बनवलं आणि कोड जगाला फुकट देऊन टाकला. लायसन्समध्ये अट एवढीच, की वापरा, बदला, पण माझं नाव राहू द्या आणि तुमचा कोडही खुला ठेवा.

*

गोडदेवच्या राकेशने तो कोड उचलला, अ‍ॅपला नवं नाव दिलं, जाहिराती घुसवल्या आणि मेल्विनचं नाव पुसलं. अ‍ॅपमधला तक्रारीचा ई-मेल पत्ता मात्र बदलायला विसरला! झालं. जाहिरातींना वैतागलेले लोक शिव्या घालायचे मेल्विनला. आणि हा बाबा प्रत्येकाला "सॉरी सर" लिहून बग दुरुस्त करत बसायचा. राकेश ती दुरुस्तीही उचलायचा!

*

मेल्विनच्या आईला हे समजावताना मी घामाघूम.

"फुकट दिलं ना? मंग चोरी कशी?"

मी परत पहिल्यापासून सुरू केलं. तिने मध्येच थांबवलं.

"म्हंजे शेजाऱ्याला कालवण दिलं, नि त्यानं वाटीच ठेवून घेतली!"

*

मग राकेशने कहर केला. मेल्विननेच आपलं अ‍ॅप चोरलं अशी उलट तक्रार ठोकली! अ‍ॅप स्टोअरने मेल्विनचं अ‍ॅप काढून टाकलं. तीन वर्षांची मेहनत एका ई-मेलने गेली. माझं डोकंच फिरलं. वकिलाकडे गेलो.

"करारावर सही कुठाय?"

"सही नसते. कोड वापरला की अट मान्य."

"नुसत्या विश्वासावर? मग कोर्टात कशाला, चर्चमध्ये जा!"

*

आणि एका दुपारी खुद्द राकेश दारात!

"मेल्विनभाय, कोणीतरी आपलं अ‍ॅप चोरलं रे! नाव पण बदललंय. तुला लायसन्सचं कळतं ना? कायतरी कर."

मी त्याला हाकलणार होतो. मेल्विनने चहा मागवला.

"आपलं?"

"मग! कोड तुझाच आहे ना."

मेल्विनने शांतपणे कोरा कागद पुढे सरकवला. "तेवढंच लिहून दे. स्टोअरला पुरावा लागतो."

राकेश लगेच लिहायला बसला. अर्ध्या ओळीवर थांबून त्याने वर पाहिलं.

"मेल्विनभाय, अर्धा तुझा लिहू की पूर्ण?"