बाई, पास का नापास?

आम्ही जुने मास्तर भेटलो की भोरच्या त्या बैठकांचे किस्से निघतातच. एक सांगावा तर दुसरा मध्येच घुसतो! एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. वेल्ह्याकडच्या शाळांतली बुजलेली, अबोल पोरं चित्रं काढून मोकळी होतात का, ते आम्ही बघत होतो. आणि आमचं काम बघायला, मुलांच्या मनाचा अभ्यास केलेल्या मालतीबाई महिन्याकाठी पुण्याहून यायच्या, भोरला आमची बैठक घ्यायच्या.

*

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "बोलू नका. या पोरांपायी तुम्हाला काय अडचण येते, तिचं चित्र काढा."

आम्ही ड्रॉइंगची परीक्षा दिलेली माणसं. सगळ्यांनी मडकं काढलं, सावलीसकट!

"सगळ्यांची अडचण मडकंच? आत काय आहे?"

पासलीचे गायकवाड मास्तर उठले. "काय न्हाई, बाई. परीक्षेतलं मडकं रिकामंच असतंय!"

*

बाई आमच्या कामाला मार्क देत नसत. उलट आम्हालाच विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं?"

एकदा गायकवाड वैतागले. "आमाला कळलं असतं तर यष्टीत हाडं खिळखिळी करून हितं कशाला आलो असतो? पास का नापास, तेवढं सांगा!"

बाई हसल्या. सांगितलं नाहीच.

*

गुंजवण्याला माझ्या वर्गातल्या एका पोरानं लालभडक डोंगर काढला. बैठकीत आम्ही त्यावर लई डोकं लढवलं. राग असेल, भीती असेल...

"पोराला विचारलंत?" बाई म्हणाल्या.

विचारलं. "गुरुजी, हिरवा खडू शेळीनं खाल्ला!"

*

गायकवाडांची मात्र झोप उडाली होती. ठकी नावाची धनगराची पोर आई गेल्यापासून बोलेना. रोज कोळशानं कागद काळा करायची. बाप म्हणाला होता, "मेंढरं चरायला घाटाखाली न्हेताना हिलाबी न्हेतो. साळंत तरी कुठं बोलतीया?"

"बाई, पोर हातची चालली. काय करू?"

"तिच्याशेजारी बसा. तिच्यासारखंच चित्र काढा."

गायकवाड माझ्याकडं बघायला लागले. मला तरी कुठं काय कळलं होतं!

एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं, ही बाईंची पद्धत. म्हणून मी पासलीला गेलो. गायकवाड ठकीशेजारी मांडी घालून कागद काळा करत होते. तेवढ्यात बाप तिला न्यायला दारात आला.

"मास्तर, ह्ये काय चाललंय?"

"देवाला ठावं!" म्हणत गायकवाडांनी कोळसा कागदाच्या उरलेल्या कोऱ्या कोपऱ्याकडं नेला.

ठकीनं त्यांचं मनगट धरलं.

"तितं नगं. तितं आय बसलीया."

बापाच्या खांद्यावरचं घोंगडं खाली पडलं. तो तिच्याजवळ येऊन बसला.

"कुठं, बाय? कुठं बसलीया?"