पाळकसाहेब येईपर्यंत

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. माझं बारामतीत ड्रिपच्या, म्हणजे ठिबक सिंचनाच्या, सामानाचं दुकान आहे, त्यामुळं मला ड्रिपचंच सुचतं. फिल्टरमध्ये गाळ कसा आपोआप साचतो, तसे हे साचतात. मधूनमधून झाकण उघडून धुतलं नाही तर पुढं पाणीच सरकत नाही. आज उघडतोय. अंगावर चार थेंब उडाले तर सांभाळून घ्या!

आधी एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचे पाळकसाहेब एक आणि चर्च दोन. सकाळी इंदापूरची उपासना आटोपून ते मोटरसायकलनं बारामतीला येतात. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, कधी पंक्चर. आमची वेळ साडेदहाची, साहेब उगवणार अकराला, कधी सव्वाअकराला. तोवर चाळीस घरांची मंडळी धरून कुणी ठेवायची? सहा वर्षांपूर्वी चर्चच्या कमिटीनं ते काम माझ्या गळ्यात मारलं. कारण काय, तर "दीपक, तू दुकानदार आहेस, तुला गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवता येतं!"

पहिल्या महिन्यातच माझ्याकडचं सगळं ज्ञान संपलं. मग मी घरात बघायला लागलो. कुकरची शिट्टी, गेलेली लाइट, हरवलेली किल्ली, सगळ्यात मला देवाचं काहीतरी दिसायला लागलं. लोकांना आवडलं. 'घरातला बोध' असं नावच पडलं त्याला. मी फुगलो, आणि त्याचा त्रास झाला माझ्या घरच्यांना.

*

पहिला फटका दुधाचा.

त्या रविवारी मी तावातावानं सांगत होतो, "जागे राहा! परवा आमच्याकडं दोन लिटर दूध उतू गेलं. का? तर लक्ष मोबाइलमध्ये! देव बोलावतो तेव्हाही आपलं असंच होतं."

बायका खुदूखुदू हसत विनयाकडं बघायला लागल्या. विनया म्हणजे माझी बायको. अंगणवाड्यांची सुपरवायझर आहे, दिवसभर पन्नास बायकांना शिस्त लावते. ती तिसऱ्या बाकावरून उठून उभी राहिली. भर चर्चमध्ये!

"मी अंघोळीला गेले होते. दूध बघायला यांनाच ठेवलं होतं. आणि मोबाइलही यांचाच होता." एवढं बोलून ती खाली बसली.

मंडळी इतकी हसली की बाहेर गाडी लावत असलेले पाळकसाहेब धावत आत आले. "काय झालं? काय झालं?"

मागच्या बाकावरचे काका म्हणाले, "साहेब, आज दोन बोध झाले. दुसरा जास्त चांगला होता!"

*

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं मात्र माझ्याच मूर्खपणानं अंगाशी आलं.

माझी मुलगी कृपा अकरावीला आहे. क्लासवरून स्कूटरवर घरी आणताना ती मागं बसून सगळं सांगायची. कोण कुणाशी भांडलं, सरांनी कुणाला वर्गाबाहेर काढलं. दिवसातली ती वीस मिनिटं माझी सगळ्यात लाडकी होती. एक दिवस म्हणाली, "पप्पा, ओरडू नका हं. केमिस्ट्रीत पंचवीसपैकी चार पडले. आणि पेपरवर मम्मीची सही मीच केली." रडत होती बिचारी. मी ओरडलो नाही. म्हटलं, "उद्या सरांना जाऊन खरं सांग, मोकळी होशील." तिनं सांगितलंही. बघा, किती शहाणा बाप!

आणि रविवारी या शहाण्या बापानं काय केलं? 'कबुली दिली की मन हलकं होतं' यावर बोध दिला! वर अक्कल अशी की, "मुलीचं नाव सांगणार नाही, अकरावीला आहे एवढंच सांगतो." आमच्या चाळीस घरांत अकरावीला एकच मुलगी आहे. ती त्या वेळी पुढं कीबोर्डवर बसली होती.

घरी आल्यावर ती आवाजही न चढवता म्हणाली, "पप्पा, यापुढं मी तुम्हाला काही सांगणार नाही. सांगायचं ते मम्मीला सांगेन."

आणि शब्द पाळला. स्कूटरवर मागं बसायची, पण तोंडातून अक्षर नाही. "आज काय झालं?" "काही नाही." "क्लास कसा झाला?" "ठीक." पोरगी दूर चालली, आणि चूक माझी आहे, हे कळत होतं. तरी लाज वाटते सांगायला, तिसऱ्या दिवशी डोक्यात आलंच: अबोल्यावर काय झकास बोध होईल! स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती, पण दोन्ही हात हँडलवर होते.

*

दुकानात वरकुट्याचे एक तात्या येतात. डाळिंबाची बाग आहे, गळ्यात माळ आहे, पण माझे बोध आवडीनं ऐकतात, कारण तोवर चहा येतो. एकदा त्यांना मी पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. एक माणूस बी पेरायला निघतो. थोडं बी वाटेवर पडतं, थोडं खडकावर, थोडं काट्यांत आणि थोडं चांगल्या जमिनीत.

तात्यांनी बशी खाली ठेवली. "ह्यो गडी कुणाचा?"

"तात्या, ही देवाची गोष्ट आहे."

"आसंल की. पर बियाण्याचा भाव काय हाय आज? ह्यो वाटंवर टाकतोय, खडकावर टाकतोय! माझ्या रानात आसला गडी दुपारपतूर टिकायचा न्हाय."

दुकानातली चार गिऱ्हाइकं खो खो हसली. मी मुद्दा सावरायला गेलो. "तात्या, यात मुद्दा जमिनीचा आहे. आता माझंच बघा, मी पोरीशी रोज बोलायला जातो, रोज विचारतो, पण ती..." आणि बोलता बोलता घरातलं सगळं सांगून बसलो. हीच तर माझी खोड!

तात्या म्हणाले, "रोज इचारताय व्हय? पेरल्यावर रोज उकरून बघितलं तर उगवंल का, दीपकराव? गप ऱ्हावा की जरा!"

चहा संपवला, पाइपाचे दोन जॉइनर घेतले आणि गेले. सहा वर्षांत मला इतका आखूड बोध कधी जमलेला नाही.

*

संध्याकाळची घरची प्रार्थना आमच्याकडं चुकत नाही. माझी आई कळस गावची, मीही तिथंच वाढलो; आता ती आमच्याजवळ असते. तिची प्रार्थना म्हणजे लांबलचक काम. कळसची भावंडं, त्यांच्या म्हशी, शेजारणीचा गुडघा, कुणी म्हणून राहत नाही. आम्ही तिघं डोळे मिटून बसतो आणि माझी एक डुलकीही होते.

त्या आठवड्यात डुलकीतच होतो तर ऐकू आलं, "आन द्येवा, माझ्या दीपकला त्वांड दिलंस, लई उपकार झालं. आता त्ये मिटायची बी अक्कल दे."

"आमेन!" विनया आणि कृपा एकदमच म्हणाल्या. आमच्या घरात इतक्या जोरात आमेन कधी झाला नव्हता. डोळे उघडून बघतो तर कृपा हसत होती. माझ्याकडं बघून नव्हे, आजीकडं बघून. पण मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

*

मग मी ठरवलं, घरच्यांना सोडायचं. यापुढं चर्चमध्ये फक्त स्वतःच्या चुका सांगायच्या.

पहिल्या रविवारी सांगितलं, "मी कामात इतका बुडतो की जेवणाकडं लक्षच राहत नाही, ही माझी चूक आहे." दुसऱ्या रविवारी, "मी लोकांवर फार पटकन विश्वास ठेवतो." तिसऱ्या रविवारी, "मी दुसऱ्याचं दुःख फार मनाला लावून घेतो." सांगताना माझा आवाजसुद्धा भरून आला.

त्या दुपारी कृपा स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली, "मम्मी, पप्पांची पापं किती चांगली आहेत ना!"

*

कळसला मावशीनं नवीन घर बांधलं, त्याची प्रार्थना होती. आई आधीच जाऊन राहिली होती. विनयाचं ट्रेनिंग निघालं, म्हणून कृपाला माझ्याबरोबर स्कूटरवर यावं लागलं. तासभर रस्ता, तासभर गप्प.

प्रार्थना झाली, पंगत बसली. वाढता वाढता मावशी म्हणाली, "दीपक, त्यो सहीचा बोध लई भारी झाला म्हणं! हितं कळसपतूर आलंय त्ये. सांग की, समद्यास्नी ऐकू दे!"

घर माणसांनी भरलेलं. कृपाचा घास हातातच राहिला. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

मी म्हणालो, "सही मी केली होती, मावशी. सातवीत असताना. इथंच, कळसच्या शाळेत."

मग सांगावंच लागलं. गणितात नापास झालो होतो. प्रगतिपुस्तकावर दादांची, म्हणजे वडिलांची, सही मीच ठोकली. काय झोकदार सही! खाली दोन रेघा, वर दोन टिंबं. गुरुजींनी ती बघितली आणि सरळ आमच्या घरी आले. कारण माझे वडील अंगठा लावायचे!

पंगत फुटलीच हसून. एकाला तर ठसका लागला.

मावशी म्हणाली, "मग दाजींनी बडवला आसंल तुला!"

"नाही ना. दादांनी पुस्तक उलटं धरून बघितलं आणि गुरुजींना म्हणाले, 'व्हय, माझीच हाय. पोरानं शिकवलीया.' गुरुजी गेल्यावर मला एवढंच म्हणाले, 'आता खरंच शिकव.' महिनाभर पाटीवर गिरवून घेतली त्यांनी. दोन टिंबांसकट."

आई हातातली पळी घेऊन उभीच राहिली. "आरं, म्हंजी मास्तर त्यापायी आलं हुतं व्हय? मला कधी बोललं न्हाईत ह्ये! मी म्हणलं, गूळ मागाया आल्यात. शेरभर बांधून दिला की मी त्यास्नी!"

परतताना बराच रस्ता गेला. मग मागून आवाज आला, "पप्पा, आजोबांनी आजीलासुद्धा नव्हतं सांगितलं?"

"नाही."

आणि मग कृपा बोलायला लागली. चार महिन्यांचं साठलेलं, ते बारामती येईपर्यंत. त्यातली एक गोष्ट अशी होती की मला स्कूटर दोनदा बाजूला घ्यावी लागली. एकदा हसून हसून, आणि एकदा पुढचं दिसेना म्हणून.

*

पुढचा रविवार. पाळकसाहेबांचा फोन आला, "रस्त्यात ट्रॉली आडवी झालीय, पावणेबारा होतील." म्हणजे सव्वा तास माझ्या गळ्यात!

मी उभा राहिलो. मंडळी सरसावून बसली. स्कूटरवर ऐकलेलं जे माझ्याजवळ त्या दिवशी होतं, तसं सहा वर्षांत कधी नव्हतं. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं तयार. नुसतं तोंड उघडायचा अवकाश, लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. कृपा कीबोर्डवर होती. मान खाली, बोटं पट्ट्यांवर, पण वाजवत नव्हती.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आज गाणी म्हणू या."

अकरा गाणी झाली. माझा आवाज बसला. मधेच मागच्या बाकावरून काकांनी विचारलं, "दीपक, या आठवड्यात तुझ्या घरी काहीच घडलं नाही का रे?"

"नाही हो काका. काहीच नाही."

"कमाल आहे!" काका म्हणाले, आणि आम्ही बारावं गाणं धरलं.

उपासना सुटल्यावर मी बाहेर येऊन स्कूटर काढली. विनया नेहमीप्रमाणं मागं बसायला आली, तर कृपानं तिला थांबवलं. "मम्मी, तू आजीला घेऊन रिक्षानं ये." आणि स्वतः मागं बसली. मी अजून किल्लीही फिरवली नव्हती.

"पप्पा," ती म्हणाली, "अजून एक सांगायचंय."