बारा डबडी आणि वरची काच

वर्षाराणीचा राग अख्ख्या जळकोटला ठाऊक होता. शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या आठ वर्षांत तिनं शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाच सोडलं नव्हतं. पोरींवर मात्र तिचा भारी जीव. "मॅडम, ही डबडी हायत," असं नववीच्या पोरी लॅबमधल्या बारा जुनाट कॉम्प्युटरना म्हणाल्या, तेव्हा तिनं सगळी दिवाळीची सुट्टी त्यांच्यावर घालवली. पडद्यावरची खालची राखाडी पट्टी पारदर्शक केली, प्रत्येक विंडोची चौकट धुरकट काचेसारखी केली. मागून शाळेपुढच्या चिंचेचा फोटो दिसायला लागला. सावल्या आणि हलती चित्रं तेवढी बंद ठेवली, नाहीतर यंत्रं धापा टाकत. कामाला ती होती तशीच मंद राहिली, पण पोरी हरखल्या. मधल्या सुट्टीतसुद्धा येऊन बसू लागल्या.

संस्थेचे सचिव किशनराव एकदा सहज डोकावले आणि दारातच थबकले. "मॅडम, लई झकास! अगदी नवे वाटायलेत." ती फुलून गेली. इथंच चुकलं तिचं.

पुढच्या आठवड्यात शिंप्याकडून झालरी आल्या आणि टेबलाखालचे कॉम्प्युटरचे जुने डबे झाकले गेले. कशासाठी, ते तिला शिपायानं सांगितलं. शाळेला बारा नवे कॉम्प्युटर मंजूर झाले होते, ते आल्याचं किशनरावांनी कागदोपत्री दाखवलंही होतं, आणि तेच बघायला उद्या अधिकारी येणार होते. त्यांची सही झाली की नवे कॉम्प्युटर पोरींना कधीच मिळणार नव्हते. वर्षाराणीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच हातानं आपण या चोराला पांघरूण शिवून दिलं!

अधिकारी आले. नववीच्या पोरी भिंतीला लागून उभ्या होत्या. "वा, अगदी कोरे!" साहेब म्हणाले, आणि किशनराव हात जोडून हसले.

वर्षाराणीनं पहिल्या कॉम्प्युटरवरची थीम काढून टाकली. काच गेली, जुनी राखाडी पट्टी उघडी पडली. मग तिनं झालर ओढून खालचा गंजका डबा दाखवला. "सायेब, हे जुनेच हायत. नवे आलेच न्हाईत. वरची काच मीच लावली."

साहेबांनी डब्याकडं पाहिलं, मग किशनरावांकडं पाहिलं. "आधीचं छान दिसत होतं, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "परत तसंच करा. फोटो काढायचाय."

रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं भिंतीवरचा मुख्य खटका पाडला. बाराही पडदे एकदम काळे झाले.

"काढा फोटो!" ती ओरडली. "आन् सही करायचीच असंल, तर ह्या पोरींकडं बघून करा!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पोरींकडं पाठ फिरवली, आणि सही केली.