पाच नंबरचा पाय

माझ्या पायाचा नंबर पाच आहे, असं मी नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं आणि पुढची सत्तावीस वर्षं त्यात दुरुस्ती करायची मला गरज वाटली नाही.

खरा नंबर किती हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या आर्वीला चौदा एप्रिलच्या आधी नवे कपडे, नव्या चपला घ्यायची पद्धत. मी सातवीत असताना चपलांच्या दुकानदाराने माझा पाय बघितला, मग आईकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, हिला बायकांच्या चपलेत बसवणं आता अवघड आहे." दुर्दैवाने बरोबर आत्या होती. ती भर बाजारात ओरडली, "पोरीचे पाय हायेत का सुपं वं!" त्या दिवशी आईने हट्टाने पाच नंबरची चप्पल घेतली आणि मला हळूच सांगितलं, "बोटं आत ओढून घेत जा. सवय होईल." झाली की! एकदम पक्की झाली. मला बघायला मंडळी आली तेव्हा आईने साडी जमिनीला टेकेल अशी नेसवली होती. (गरज नव्हती. मुलगा पोह्यांकडे बघत होता.) लग्नानंतर दिल्लीत आले, सरकारी नोकरी लागली, मुलगी झाली, द्वारकेत फ्लॅट झाला, पण चपला पाच नंबरच्याच. टाच मागून दोन बोटं बाहेर लोंबायची. कोणी विचारलं तर मी म्हणायचे, "हवा खेळती राहते."

हे असंच निभावलं असतं. पण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुलाटीजी यांनी वार्षिक 'रन'ची नोटीस लावली. पुरुषांसाठी पाच किलोमीटर, आणि 'आंटी लोगों के लिए' एक किलोमीटरचा फन वॉक, शेवटी जिलबी.

मी बावन्न वर्षांची आहे. गेली दोन वर्षं रोज पहाटे सोसायटीच्या बाहेरच्या रस्त्याला फेऱ्या मारते. आंटी लोग? मी तडक त्यांच्या ऑफिसात गेले.

"गुलाटीजी, लेडीज़ पाँच किलोमीटर क्यों नहीं दौड़ेंगी?"

"अरे गजभिये मॅडम, कोई गिर-विर गया तो? आप लोग वॉक कीजिए, जलेबी खाइए, एंजॉय कीजिए."

"मेरा नाम पाँच में लिखिए."

"लिख देता हूँ जी. पर बीच में छोड़ा, तो अगले साल से लेडीज़ का वॉक ही रहेगा. फिर बहस नहीं."

"नहीं छोड़ूँगी!"

असं म्हणून मी बाहेर आले तेव्हा माझ्यामागे सोसायटीच्या चाळीस बायकांची इज्जत चालत येत होती. अंगात वारं भरलं होतं. घरी आल्यावर मुलीने, केतकीने, ते एका वाक्यात काढून घेतलं.

"आई, यार, तू चपलेत पळणार?"

त्या रविवारी आम्ही तिघं मॉलमधल्या खेळाच्या दुकानात गेलो. 'अहों'नासुद्धा पळायचं होतं. (बायको पाच किलोमीटर पळणार आणि आपण जिलबी खाणार, हे त्यांच्या मंत्रालयात कळलं असतं तर पंचाईत होती.) त्यांनी आत शिरल्या शिरल्या दोन्ही हात पाठीमागे बांधून सांगितलं, "आठ नंबर दीजिए." पायात घालून बघितलेही नाहीत. माझा नवरा बुटांच्या बाबतीत पहिल्यापासून स्वावलंबी. स्वतःचे बूट स्वतः घेणार, स्वतः पॉलिश करणार, कपाटात स्वतः ठेवणार, कोणाला हात लावू देणार नाही. असा नवरा मिळाला म्हणून मी माहेरी किती मिरवलं असेल त्याला गणती नाही.

माझ्या वाट्याला आलेला सेल्समन मात्र नको तितका शिकलेला निघाला. त्याने पाय मोजायची लोखंडी पट्टी आणली आणि प्रवचन सुरू केलं. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजतो. ज्या मोज्यात पळणार तेच मोजे घालून मापावेत. अंगठ्यापुढे एक बोट जागा हवी, कारण पळताना पाय पुढे सरकतो. टाच आत घट्ट बसली पाहिजे, पंजा मोकळा. आणि नवे बूट आधी पंधरा दिवस थोडे थोडे वापरावेत.

सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्या पायात मोजे नव्हते.

"मॅडम, पैर रखिए. कौन सा नंबर पहनती हैं?"

"पाँच," मी म्हणाले.

त्याने माझ्या पायाकडे बघितलं. आर्वीच्या दुकानदाराचा चेहरा मला चाळीस वर्षांनी पुन्हा दिसला.

मी पट्टीवर पाय ठेवला आणि सवयीने बोटं आत ओढली. असा काही मुडपला पाय, की पट्टीलासुद्धा दया यावी!

"मॅडम, उँगलियाँ सीधी कीजिए."

"सीधीच हैं."

"मॅडम, सीधी नहीं हैं."

"भाईसाब, पाय माझा आहे का तुमचा?" मी भडकून मराठीत विचारलं.

"आई, तो बिल्कुल सही बोलतोय," केतकी म्हणाली. "तुझी बोटं अशी... ते काय म्हणतात... फोल्ड झालीयेत."

"मुडपलीत म्हणतात. आणि तू गप्प बस!"

मुडपलेला पाय सहावर आला. एक नंबरची माघार मी मोठ्या मनाने घेतली. सेल्समनने शूहॉर्न लावून माझा पाय सहा नंबरच्या निळ्या बुटात ढकलला. त्याने मला दुकानातल्या ट्रेडमिलवर चढवलं. मी दहा पावलं पळाले. प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि मी हसत होते.

"कंफर्टेबल है?"

"एकदम!"

"पक्का? एक बार आठ ट्राय—"

"पॅक कीजिए!"

पंधरा दिवस वापरायचा सल्लाही आम्ही धुडकावला. नवी वस्तू ज्या दिवसासाठी घेतली त्या दिवशीच काढायची, ही आमच्या दोन्ही घरची रीत. दोघांचे खोके कपाटावर चढले. सराव मी चपलेत केला आणि ह्यांनी सोफ्यावर.

फेब्रुवारीतला रविवार उजाडला. सोसायटीभोवतीच्या रस्त्याच्या पाच फेऱ्या, गुलाटीजींच्या हातात माईक. फन वॉकच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून "गजभिये मॅडम! गजभिये मॅडम!" असं ओरडत होत्या. मी हात उंचावला. तोपर्यंत ठीक होतं.

पहिल्या फेरीत अंगठा ओरडायला लागला. दुसऱ्या फेरीत त्याला बाकीच्या बोटांनी पाठिंबा दिला. डोक्यावरून विमानं चालली होती आणि त्यातल्या प्रत्येकात बसून कुठेही निघून जावं असं मला वाटत होतं. हे माझ्या पुढे होते, पण त्यांचं पळणं काहीतरी विचित्र दिसत होतं. पाय आधी पडायचा आणि बूट मागून यायचा. फटॅक, फटॅक! मला वाटलं, वय झालं बिचाऱ्याचं.

तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला मी कोलमडले. पडले नाही, फुटपाथच्या कडेवर बसले. बूट ओढून काढले. बोटं लालभडक, एकावर एक चढलेली, आणि सरळ व्हायलाच तयार नाहीत. लांबून गुलाटीजी माईकसकट माझ्याकडे यायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर कमालीची माया होती. मला रडू आलं. दुखण्याचं नाही, रागाचं. चाळीस बायका बघत होत्या आणि मी एका नंबरच्या खोटेपणापायी हरणार होते.

तेवढ्यात वीस पावलांवर माझ्या नवऱ्याचा उजवा बूट पायातून सुटला, हवेत गिरकी घेऊन रस्त्यावर आपटला, आणि त्यातून कापसाचा एक भलामोठा बोळा गडगडत माझ्यापाशी आला.

मी बोळ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे.

"अहो, हे काय?"

"कापूस," हे एका पायावर उभे राहून म्हणाले. (माणूस यवतमाळचा. कापूस ओळखणारच.)

"ते दिसतंय मला! बुटात कशाला?"

"सुनंदा, हळू बोल."

"तुमचा नंबर किती आहे?"

"आठ."

"अहो!"

"सहा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "ऑफिसात पहिल्या दिवशी ते सगळे सहा-सहा फुटी लोक बघितले. कोणीतरी माझ्या बुटांकडे बघून हसलं. म्हटलं, निदान बूट तरी..."

"सत्तावीस वर्षं? आणि मी समजत होते तुम्हाला पॉलिशची आवड आहे!"

"आणि तुझे हे काय झालेत? हे पाच नंबरचे पाय आहेत?"

मी पाय झाकायला साडी शोधली. ट्रॅकपँट होती.

"नाहीत," मी म्हणाले. "तुम्ही पोहे खात होतात तेव्हा नीट बघायचं होतंत."

एवढ्यात गुलाटीजी येऊन पोचले. भोवती पंधरावीस माणसं जमली होती. आमचं मराठी कोणाला कळत नव्हतं, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

"मॅडमजी, कोई बात नहीं. ट्राय तो किया ना! अब आराम से जलेबी—"

त्या जिलबीने घात केला. माझं डोकंच फिरलं. "अहो," मी ओरडले, "काढा तो दुसरा बूट!"

"इथे? सगळ्यांसमोर?"

"काढा म्हणते ना!"

डाव्या बुटातला बोळा मी स्वतः उपसला आणि धरायला गुलाटीजींच्या हातात दिला. (त्यांनी तो नंतर कितीतरी वेळ माईकबरोबर धरून ठेवला होता.) नवऱ्याचे आठ नंबरचे बूट मी पायात चढवले. नाडी ओढली. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी दहाही बोटं बुटाच्या आत सरळ झाली. माझ्या डोळ्यांत खळ्कन पाणी आलं. इतकं साधं सुख, आणि मी ते आत्याच्या एका वाक्यावर सोडून दिलं होतं!

ह्यांनी माझे निळे सहा नंबर घातले. दोन पावलं टाकली, थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे पायाला चिकटून येतात!" आणि जे सुटले ते सुटलेच. माझ्याच बुटात मला मागे टाकून हा माणूस चौकीच्या वळणावर दिसेनासा झाला.

मी मात्र आपल्या चालीने पळत राहिले. तिसरी फेरी, चौथी, पाचवी. शेवटच्या फेरीला रस्त्यावर मी एकटीच होते. बाकीचे येऊन, पाणी पिऊन, फोटो काढून मोकळे झाले होते. जिलबी संपत आली होती. पण त्या चाळीस बायकांतली एकही हलली नव्हती. मी फीत ओलांडली, तेव्हा फीत गुंडाळायला सुरुवात झाली होती. शेवटून पहिली आले मी! पण पळत आले. गुलाटीजींच्या समोर जाऊन उभी राहिले आणि धापा टाकत म्हणाले, "अगले साल... लेडीज़... पाँच किलोमीटर. लिखिए!"

त्यांनी लिहिलं. कापूस खाली ठेवून लिहिलं.

पुढचे पंधरा दिवस माझी चैन होती. सोसायटीतल्या बायका सल्ला विचारायला यायच्या आणि मी पार्कातल्या बाकावर बसून भाषणं द्यायचे. बहनजी, नंबर में शर्म कैसी? संध्याकाळी जाओ, मोजे पहनके जाओ, उँगलियाँ सीधी रखो! पाय हा आपला आहे, तो दुकानदाराला घाबरत नाही, सासूला घाबरत नाही, मग आपण का घाबरायचं? एकीने टाळ्यासुद्धा वाजवल्या. घरात ह्यांनी कापसाचा पुडा औषधांच्या डब्यात ठेवून दिला आणि आम्ही ठरवलं की आता दोघांनी आपापल्या मापाचे बूट रीतसर घ्यायचे. निळ्या बुटांवर ह्यांचा जीव जडला होता, पण त्यावर गुलाबी पट्टे होते.

तर आम्ही संध्याकाळी, जाड मोजे घालून, त्याच दुकानात गेलो. सेल्समनने मला बघून पट्टी छातीशी धरली. "घाबराइए मत," मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज सच बोलने आए हैं!" पलीकडच्या बाकावर ह्यांनी मान ताठ करून सांगितलं, "छह नंबर." मला त्यांचा इतका अभिमान वाटला! केतकीने तर व्हिडिओच सुरू केला. मी ऐटीत पट्टीवर पाय ठेवला, बोटं पंख्यासारखी पसरली.

सेल्समन खाली वाकला. चष्मा पुसून पुन्हा वाकला.

"मॅडम, साढ़े आठ आ रहा है. दौड़ने के लिए नौ ले लीजिए."

हे माझ्याकडे बघत होते, केतकीचा फोन माझ्याकडे बघत होता. खरं बोलायला माझी काहीच हरकत नव्हती, पण खऱ्यालाही काही मर्यादा असते की नाही! मी पाय पट्टीवरून उचलला आणि सेल्समनला ठणकावून सांगितलं, "आठ दीजिए. थोड़ा टाइट ही अच्छा रहता है."