आजाऱ्यांना भेटायला जाणारे प्रह्लादभाई

आमच्या तांबट आळीत कुणाचं दुखणं किती खरं, हे ओळखायची एक सोपी रीत होती. प्रह्लादभाई कंसारा भेटून गेले का, एवढंच विचारायचं. गेले असतील तर दुखणं खरं. नसतील तर माणूस कामाचा कंटाळा करतोय असं समजून लोक आपापल्या उद्योगाला लागत. माझ्या नणंदेने एकदा आठ दिवस अंथरूण धरलं आणि प्रह्लादभाई काही फिरकले नाहीत, तर नवव्या दिवशी ती आपली आपणच उठून रोटले थापायला बसली.

तीस-पस्तीस वर्षं हा माणूस दुकान बंद करून निघाला की कुणाची ना कुणाची खबर काढायला जायचा. पिशवीत दोन शहाळी, चार मोसंबी. आमच्या विसनगरचं सोडा, मेहसाण्याच्या दवाखान्यातले वॉर्डबॉयसुद्धा त्यांना नावाने हाक मारत. जन्मभर तांब्याच्या हंड्यांवर हातोडा चालवून आमच्या आळीतले सगळेच पुरुष थोडे बहिरे झालेत, आणि बहिऱ्याला वाटतं की जगच बहिरं आहे. त्यामुळे ते धीर द्यायचे एका खाटेला, पण तो मिळायचा सगळ्या वॉर्डाला. आधी चौकशी. भूल देताना आकडे मोजायला लावले का? कुठवर आठवतात? जे कापून काढलं ते बाटलीत घालून दाखवलं का? मग उठताना, पिशवी झटकत, ठरलेलं वाक्य: "काही नाही हो! जाल तसे याल."

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू? माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते दीड तास खाटेवर बसून होते, तेही माझ्या पायांवरच्या चादरीवर. मला पाय हलवता येईना आणि सांगताही येईना. पण शेजारी म्हणून एकतीस वर्षं भिंतीला भिंत लागून काढली की राग आणि माया यांचं एकच भांडं होतं. त्यातलं काय कधी वर येईल, सांगता येत नाही.

या उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी गच्चीवरून पतंग पकडायच्या काठ्या आवरून उतरताना प्रह्लादभाई जिन्यातच बसले. छातीवर कुणी हंडा ठेवलाय असं म्हणाले. मेहसाण्याला तपासणी झाली. तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. मुलगा निमेष अहमदाबादला नोकरीला, त्याने तिथल्याच दवाखान्यात बायपासची तारीख घेतली. पुढचा गुरुवार.

आता ज्या माणसाने अर्ध्या गावाची खबर काढली, त्याची खबर काढायला अर्धं गाव येणारच. सकाळी आठपासून रांग. त्यांच्या बायकोच्या, जशीबेनच्या गुडघ्यांची आधीच बोंब, त्यात चहाचं पातेलं खाली उतरेना. आणि येणारा प्रत्येक जण, अगदी हसतहसत, मोठ्या आवाजात, त्यांचंच वाक्य त्यांना परत करून जाई. काही नाही हो प्रह्लादभाई, जाल तसे याल! पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, मागच्या दाराने निघून माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"नयनाबेन, एक विचारू? खरं सांगाल?"

"तुमच्याशी खोटं बोलायला मला ओरडावं लागतं. खरंही ओरडूनच बोलावं लागतं. विचारा."

"तुमचं ऑपरेशन होतं तेव्हा मी येऊन म्हणालो होतो, काही नाही, जाल तसे याल. तुम्हाला बरं वाटलं होतं का?"

मी तांदूळ निवडत होते. हात थांबला.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही उठावं आणि मला पाय हलवता यावा, एवढंच वाटत होतं."

ते रागावतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा मोरीत हरवलेली वस्तू सापडल्यावर होतो तसा उजळला. "हां! म्हणजे माझीच एकट्याची गत नाही. मलाही बरं वाटत नाहीये. लोक म्हणतात आणि मला आणखीच घाम फुटतो." मग पुढे झुकून म्हणाले, "मग मी तीस वर्षं काय देत होतो लोकांना? हे कळल्याशिवाय मी अहमदाबादला जाणार नाही. निमेषला सांगून टाका."

मला वाटलं ही भीतीची पळवाट आहे. होतीही. रात्ररात्र ते अंथरुणात बसून असतात, हे मला भिंतीपलीकडच्या खोकल्यावरून कळत होतं. पण त्यात निव्वळ कुतूहलही होतं. पायातली नस काढून काळजाला लावणार असं डॉक्टरने सांगितलं, तेव्हा याच माणसाने विचारलं होतं, "मग तिला कळतं का, की ती आता पायात नाही?" डॉक्टर म्हणे हसला.

डॉक्टरने हळूहळू चालायला सांगितलं होतं, एकट्याने नाही. जशीबेन हात जोडून म्हणाली, "नयनाबेन, तुम्ही जा हो यांच्याबरोबर. घरातली गर्दी तरी कमी होईल." गर्दी कशी कमी होईल ते मला कळलं नाही, पण गेले.

ज्यांना धीर दिला होता त्यांनाच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिले नानुभाई. एसटीतले निवृत्त कंडक्टर, आठ वर्षांपूर्वी त्यांची बायपास झालेली. प्रह्लादभाईंनी दारातूनच आरोळी ठोकली, "नानुभाई, ऑपरेशनच्या आधी घाबरला होता का तुम्ही?" समोरच्या तीन घरांतून माणसं बाहेर आली.

"अहो, आत तर या! घाबरलो होतो म्हणजे काय, निम्मा झालो होतो. आणि वर तुम्ही येऊन म्हणालात, जाल तसे याल. मी मनात म्हटलं, जातोय तसाच यायचं तर जाऊ कशाला? छातीत दुखतंय म्हणून तर चाललोय ना बाबा!"

प्रह्लादभाई इतके हसले की मला त्यांना धरावं लागलं. नानुभाईंनी सदरा वर करून छातीवरची रेघ दाखवली, मग पायजमा वर ओढून पायावरचीही. प्रह्लादभाईंनी दोन्हींवरून बोट फिरवून पाहिलं. सांधा चांगला बसलाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधुकांताबेन, मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांच्या काळजात यंत्र बसवलंय. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणालात ते मला मुळीच आठवत नाही. पण तुम्ही गटाराच्या भांडणाची गोष्ट सांगितलीत. कोण कुणाला काय बोललं, नगरपालिकेचा माणूस कसा पळाला. तास गेला."

"पण धीर आला का?"

"धीर कसला, प्रह्लादभाई! तुमचं बोलणं थांबेना, म्हणून मला घाबरायला सवड मिळाली नाही."

त्यांना हे उत्तर फार आवडलं. बाहेर पडल्यावर म्हणाले, "म्हणजे वाक्य फुकट, गटार कामाचं." मीही हसले. तोवर माझ्या लक्षात आलं की आपण घराकडे निघालोय, पण लांबच्या वाटेने. कुंभारवाड्यातून गेलं तर पाच मिनिटांत घर. हे जैनांच्या देरासरला वळसा घालून चालले होते, मध्ये मध्ये थांबून दम घेत.

"हे काय चाललंय? डॉक्टरने चालायला सांगितलंय, प्रदक्षिणा घालायला नाही."

"मला इकडूनच सवय आहे."

"कुंभारवाड्यात वाघ आहे का?"

ते तसेच पुढे चालू लागले. मग मला आठवलं. कुंभारवाड्यात अमृतभाई प्रजापतींचं घर. प्रह्लादभाईंचा शाळेपासूनचा दोस्त. अकरा वर्षांपूर्वी काळजाची झडप बदलायला अहमदाबादला गेले आणि परत आले नाहीत. बेसण्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, प्रह्लादभाई शेवटच्या रांगेत बसले होते आणि कुणाशी न बोलता उठून गेले होते. अकरा वर्षं ही वाट टाळली यांनी, आणि मी शेजारी राहून मला पत्ता नाही. मला माझाच राग आला.

"अमृतभाईंनाही तेच म्हणाला होता तुम्ही," मी म्हटलं.

"तेच." ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. "नयनाबेन, त्याला मी सगळ्यांत मोठ्याने म्हणालो होतो. त्याची बायको, वसुबेन, शेजारीच उभी होती. तिला मी काय तोंड दाखवू?"

"अख्ख्या गावाला विचारत फिरताय आणि जिला विचारायचं तिला सोडून. मग गावभर कशाला हिंडवलंत मला?" माझ्या तोंडाला धार आहे, ती त्या वेळी नको होती. पण ते उठले. म्हणाले, "चला. आत्ताच. उद्या माझा पाय उचलायचा नाही."

वसुबेन अंगणात पापड वाळत घालत होत्या. सत्तरीच्या, बारीक, ताठ. आम्हाला पाहून त्यांनी हात पुसले, खाट टाकली, पाणी आणलं. अकरा वर्षांनी का आलात, असं काही नाही. प्रह्लादभाईंचा आवाज एवढा हळू मी आजवर ऐकला नव्हता.

"वसुबेन, मी अमृतला खोटं सांगितलं होतं. जाल तसे याल म्हणालो होतो."

"हो. सगळ्या वाड्याने ऐकलं होतं."

"त्याला काय वाटलं असेल?"

वसुबेन खाली बसल्या. "तुम्ही गेल्यावर ते हसले. म्हणाले, प्रह्लाद फार घाबरलाय. मला काही झालं तर त्याचं कठीण आहे, त्याची खबर काढत जा." पदराने त्यांनी पापडावरची माशी उडवली. "अकरा वर्षं मी ठरवते आणि राहून जातं. तुम्ही मला बघून रस्ता बदलता. बाईमाणसाने मागे धावायचं का?"

प्रह्लादभाई रडले. मोठ्याने, तोंड न झाकता. पापड बघायला आलेली शेजारीण मागच्या मागे परतली. माझेही डोळे भरले, मी ते पापडांकडे वळवले.

वसुबेनने त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "भीती वाटते?"

"वाटते. फार वाटते."

"वाटणारच. कधी आहे?"

"गुरुवारी." त्यांनी नाक पुसलं, आणि तेवढ्यातही त्यांची खोड जाईना. "अमृतला किती वेळ लागला होता, वसुबेन? आत?"

"साडेपाच तास. मग डॉक्टर बाहेर आला."

"तुम्ही कुठे होता?"

"दाराबाहेर. बाकावर."

"बरोबर कोण होतं?"

"कोण असणार? भाचा रक्ताची सोय करायला खाली गेलेला. आदल्या दिवशी तीस-चाळीस माणसं येऊन गेली होती. सगळी त्यांना भेटली, चहा प्याली, घरी गेली."

प्रह्लादभाई त्यांच्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी खाटेवरच्या माणसाला काय काय विचारलं होतं! खाटेशेजारी उभं असलेल्याला एकही प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांनाही आठवलं नसावं. मग म्हणाले, "जशीला तर एकटीने बसची पाटीसुद्धा वाचता येत नाही."

"निमेष असेल ना?" मी म्हटलं.

"निमेष फॉर्म भरेल, औषधं आणेल, खालीवर करेल," वसुबेन म्हणाल्या. "पोरांना बसता येत नाही." त्या उठून उरलेले पापड पसरवू लागल्या. "प्रह्लादभाई, तुम्हाला तर भूल देतील. तुम्हाला काही कळायचं नाही. जशीबेनजवळ मी बसते. मला येतं ते."

गुरुवारची तारीख कुणी बदलली नाही. बुधवारी सकाळी गाडी आली तेव्हा आळीतली पन्नासएक माणसं ओट्यांवर उभी होती आणि प्रह्लादभाई पुढच्या सीटवर पांढऱ्याफटक चेहऱ्याने बसले होते. मागे जशीबेन, आणि तिच्या शेजारी मांडीवर शाल आणि डबा घेतलेल्या वसुबेन. गाडी सुरू झाली तेव्हा प्रह्लादभाई मागे वळले आणि त्यांनी स्वतःबद्दल नाही, बायकोला विचारलं, "जशी, तुला भीती वाटते का?"

जशीबेन पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकत होती. वसुबेनने तिचा हात धरला, तेव्हा तिने मान हलवली: हो.