तळमजल्याची खोली

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतले शेजारचे काका कित्येक वर्षं अंदमानात स्वस्त खोली शोधत होते. काकूंना तिथला समुद्र बघायचा होता, पण त्यांचे गुडघे गेलेले. काका गॅलरीत उभे राहून मोठमोठ्याने फोन करायचे, "जिना कितना है? संडास कमरे में है ना?" खोली पसंत पडली तरी मला म्हणायचे, "थांब रे, आणखी स्वस्त मिळेल."

यंदा किनाऱ्याजवळ तळमजल्यावरची खोली मिळाली आणि काका पहिल्यांदाच हो म्हणाले. निघायला महिना असताना काकू झोपेतच गेल्या.

तेराव्यानंतर काकांनी खोलीवाल्याला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "इस साल नहीं जमेगा, भाई. अगले साल आएंगे, दोनों."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघेनात.