आधी वर बघणारे चाचा

आमच्या रोह्याच्या बिल्डिंगमधले समोरचे चाचा कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. पंखा, माळा, कपाटावरच्या बॅगा, सगळं न्याहाळून झालं की मग बसतात. आखातात त्यांची नोकरी होती ते शहर म्हणे जमिनीतल्या भेगेवरच वसलेलं. तिथे जमीन वरचेवर हलायची. "निजायच्या जागी डोक्यावर जड नको, भाभी," हे त्यांचं पालुपद.

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांच्या उशाशीच लोखंडी कपाट. चाचा आले की त्याचाच विषय काढायचे. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "माझं कपाट हाय तिथंच राहील." मला दोघांचाही कंटाळा यायचा.

परवा दुपारी भांडी खणखणली, पायाखालची लादी हलली. सासूबाईंना उचलायला कुणीतरी हवं म्हणून मी जिन्यात धावले. तिथे सगळे खिडकीला चिकटून धूर शोधत होते. आमच्याकडे काहीही हादरलं की लोक आधी गावाबाहेरच्या केमिकल कंपनीकडे बघतात. "व्हय, स्फोटच असणार!" कुणीतरी म्हणालं. माझ्या हाकेकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

एकटीच परत आले, तर चाचा आत होते. दोन्ही हातांनी कपाट भिंतीशी रेटून उभे. जमीन केव्हाच थांबली होती, चाचा मात्र रेटतच होते.

"थांबलं, चाचा," मी म्हणाले. त्यांनी हात काढले नाहीत.

शेवटी सासूबाईच बोलल्या, "ते कपाट हलव गो आधी."